डावीकडे ठेवलेला माऊस

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. संगणकाचा माऊस. कोणी मला उंदीर म्हटलं तरी मी रागवत नाही, कारण शेपटी मलाही आहे. माझी शेपटी टेबलाखालच्या काळ्या डब्यात खोचलेली असते आणि त्या डब्याला जे दिसतं, ऐकू येतं, ते शेपटीतून मला कळतं. मला स्वतःला डोळे नाहीत. पोटाखाली एक लाल दिवा आहे, त्याच्या उजेडात टेबलाचा पत्रा तेवढा दिसतो. मला खरी ओळख आहे ती हातांची. तळवा अंगावर पडला की माणूस कसा आहे ते मला कळतं, असं मी पूर्वी फुशारकीने सांगत असे. आता सांगत नाही.

माझा जन्म दूरच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी खेडच्या एका दुकानात आलो आणि बरेच दिवस तिथे भिंतीवर टांगलेला राहिलो. मग सर्वेशदादांनी मला घरी आणलं. सर्वेशदादा खेडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आहेत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, हे खिडकीतून सांगायचं त्यांचं काम. गाडी उशिरा आली की लोक ड्रायव्हरला बोलत नाहीत, खिडकीतल्या माणसाला बोलतात. दादा ऐकून घेतात. "येतेय हो काकी, भरणे नाक्याला पोचली गाडी," इतकंच म्हणतात. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. सगळी वाडी म्हणायची, माणूस असावा तर सर्वेशसारखा.

घरात दादा, मृणालीवहिनी आणि सातवीतली सानवी. घर खेडपासून थोडं आत, जगबुडी नदीच्या अंगाला. एकाच खळ्याला, म्हणजे अंगणाला, लागून दोन घरं, एक दादांचं आणि दुसरं त्यांचे चुलतभाऊ महिपतकाका यांचं. काका मुंबईला नोकरीला, त्यामुळे ते घर शिमग्याला आणि गणपतीलाच उघडायचं. पण तेव्हा काय मजा असायची म्हणे! काकांची श्रद्धा आणि आमची सानवी एकाच ताटात जेवायच्या. मग एका शिमग्यात वाद झाला. देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठते, तेव्हा पहिला खांदा कुणाच्या घरचा? इतकाच प्रश्न. त्यावरून भावकी फुटली, देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, देवळात पेटीतच राहिली आणि पालखी निघायची बंद झाली. खळ्याच्या बरोबर मधून चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. मोठ्यांनी पोरींना बजावलं, पलीकडे बोलायचं नाही.

मी आलो तो या सगळ्यानंतर. मला पहिला हात लागला सानवीचा. इतका लहान, की मी पुरता झाकलाही जात नसे. बोटांना नेहमी काहीतरी चिकटलेलं, कधी फणसपोळी, कधी नुसतं मीठ. मला ते आवडायचं. तिचा एक खेळ होता, त्यात ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवं ते बांधता यायचं. एक दिवस तिने त्या खेळात श्रद्धाला शोधून काढलं. बोलायची बंदी होती, पण ठोकळे रचायला कुठे बंदी होती? श्रद्धा मुंबईतून आणि सानवी इथून, दोघी मिळून आपली वाडी बांधू लागल्या.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्यासारखे दिवस. पोरींनी देऊळ बांधलं, सहाण बांधली, विहीर बांधली, विहिरीवरचा वाकडा रहाटसुद्धा आठवून आठवून तसाच वाकडा केला. दोन्ही घरं बांधली, दारात तुळस लावली. पालखी केली आणि तिला पिवळ्या ठोकळ्यांचे गोंडे लावले. खळं मात्र अख्खं ठेवलं. गडगा बांधायचा विषयच दोघींनी काढला नाही. चुकून एखादं फूल तुटणार असेल तर सानवीचं बोट माझ्या पाठीवर आधीच थबकायचं. "डोळे जातील गो, ऊठ आता," असं मृणालीवहिनी ओरडायच्या, पण येऊन मागे उभ्या राहायच्या आणि बघत बसायच्या.

श्रद्धाने मोबाइलवर त्या वाडीची चित्रफीत केली आणि ती फिरत फिरत गावकर, म्हणजे गावचे मुख्य, काशीरामआजोबांकडे पोचली. आजोबा गावात सगळ्यात वडील. ते मुद्दाम आमच्याकडे आले, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि चष्मा पुसून पुसून बघत राहिले.

"पोरींनी गडगा बांधलाच नाय बघ," ते दादांना म्हणाले. "त्यांना जमलं ता आपल्याला का नाय जमत? यंदा बैठक घेऊ. मी महिपतला फोन करतो. देवीला पेटीत ठेवून आपण पुरणपोळ्या खायच्या, ह्याला काय अर्थ हाय?"

दादांनी मान डोलावली. महिपतकाकाही फोनवर बरं बोलले. शिमग्याच्या आधी बैठक ठरली. सानवी त्या दिवशी खुर्चीवर नीट बसतच नव्हती. यंदा श्रद्धा येणार होती, आणि गडग्याचे चिरे काढून खळं मोकळं होणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

आता मला दुसऱ्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे.

दादा डावखुरे. लहानपणी मास्तरांनी छड्या मारून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं. जेवण आणि देवाचं काम उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने. सकाळची पाळी संपवून ते दुपारी घरी यायचे. वहिनी शिवणाच्या वर्गाला गेलेल्या, सानवी शाळेत. दादा मला उचलून कीबोर्डच्या डावीकडे ठेवायचे आणि मधल्या बोटाने बटण दाबायचे. उठताना मला पुसून पुन्हा उजवीकडे ठेवायचे. आपण बसलो होतो हे घरात कुणाला कळू नये, अशी त्यांची इच्छा असावी.

त्यांचा खेळ वेगळा होता. एक मोठं शहर, रस्ते, गाड्या. कुणाचीही गाडी हिसकावून घ्यायची आणि पळवायची. पहिल्या दिवशी काय झालं माहीत आहे? दादा त्या खोट्या शहरातल्या लाल सिग्नलला थांबले! मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि आमचे दादा सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत होते. एक म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता, त्याला त्यांनी जाऊ दिलं. मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. असा हात आपल्या नशिबी आला म्हणून.

मग एकदा वळणावर गाडी आवरली नाही आणि कुणीतरी चाकाखाली आलं. दादांचा तळवा एकदम गार पडला. ते थांबले. खेळात काहीच झालं नाही. पोलीस आले नाहीत, कुणी बोललं नाही, रस्त्यावरचा रक्ताचा डाग मिटून गेला. दादा हळूच हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी फूटपाथवर चढवली, तेव्हा वळण वगैरे काही नव्हतं.

पुढे पुढे गाडी लागेनाशी झाली. दांडका, चाकू, बंदूक, जे मिळेल ते. काठी टेकत चालणारे म्हातारे ते शोधून काढायचे. मग कानाला हेडफोन लावून ते जगभरच्या अनोळखी लोकांबरोबर खेळू लागले. तिथे एक पद्धत त्यांनी उचलली. नवखा कोणी आला की त्याला आपुलकीने बोलवायचं, वाट दाखवायची, हातात हत्यार द्यायचं, आणि त्याने पाठ फिरवली की मारायचं. तो पोरगा, आवाजावरून पोरगाच असायचा, रडकुंडीला येऊन "का मारलं?" असं विचारायचा, तेव्हा दादांचं मधलं बोट माझ्या पाठीवर मजेत टिचकी मारायचं. ज्या शिव्या त्यांच्या तोंडून वाडीने कधी ऐकल्या नाहीत, त्या मी ऐकल्या. हळू आवाजातल्या.

तुम्ही म्हणाल, दिवसभर लोकांचं ऐकून घेणारा माणूस, कुठेतरी वाफ निघणारच. मीही आधी तसंच समजून घेतलं. एकदा डेपोत कुणीतरी त्यांची कॉलर धरली होती, त्या दुपारी ते फार जोरात खेळले. पण ज्या दिवशी काही घडलेलं नसायचं, गाड्या वेळेवर असायच्या, डब्यात आवडीची सुरमई असायची, त्याही दुपारी ते तसेच खेळायचे. मग मी कारण शोधायचं सोडून दिलं. मित्रांनो, त्यांना ते आवडत होतं. ही गोष्ट सांगायला मला जड जातं, पण तेच खरं आहे.

एकदा ते स्वतःशीच पुटपुटले, "शिमग्यात नाय का आपण बोंबा मारत? त्यातलाच प्रकार." शिमग्यात पोरं दुसऱ्याच्या दारातली लाकडं होळीसाठी चोरतात, तोंडाला येईल ते ओरडतात, आणि कुणी मनावर घेत नाही, हे मलाही ऐकून माहीत होतं. पण होम विझला की सगळे अंघोळ करून देवळात जातात. दादांचा शिमगा रोज दुपारी होता आणि त्याचा होम विझतच नव्हता.

बैठकीच्या आधल्या दिवसाची गोष्ट. सानवी शाळेच्या घाईत आपली वाडी उघडीच ठेवून गेली. दुपारी दादा आले, त्यांनी मला डावीकडे घेतलं आणि पडदा उजळला तर समोर देऊळ. ते कौतुकाने बघू लागले. खरंच कौतुकाने. "आईची तुळसपण लावलीय," असं ते मोठ्याने म्हणाले. ते विहिरीपाशी गेले, वाकडा रहाट बघून हसले. मग सानवीचीच खेळातली बाहुली चालवत ते महिपतकाकांच्या घरात शिरले. श्रद्धाने दार उघडं ठेवलं होतं, कारण त्या खेळात दोघी एकमेकींकडे कधीही जायच्या. कोपऱ्यातल्या पेटीत चकमक होती, शिमग्याचा होम पेटवायला पोरींनी ठेवलेली.

मधलं बोट माझ्या पाठीवर टेकलं. मी त्याच्या थबकण्याची वाट बघत होतो.

घराच्या एका कोपऱ्याला आग लागली. त्या खेळात लाकूड खऱ्यासारखंच पेटतं, एकावरून दुसऱ्यावर जातं. पाण्याची बादली हाताशी होती. दादांनी ती घेतली नाही. आधी मला वाटलं, हा जुन्या भांडणाचा राग. पण काकांचं घर जळून खाली बसल्यावर दादा खळं ओलांडून आपल्या घराकडे गेले आणि तेही पेटवलं. त्याच बोटाने, त्याच वेगाने. वैर असतं तर ते स्वतःच्या दारात थांबले असते. मग विहीर, मग सहाण. स्फोटाचे ठोकळे रचून देऊळ उडवलं. दादांच्या तळव्याचा मला इतका घाम लागला की मी हातातून निसटत होतो.

श्रद्धाची शाळा सकाळची. ती नेमकी त्याच वेळी आत आली. पडद्यावर तिची अक्षरं उमटली, "सानू काय करतेयस?" मग, "ते तुझं घर आहे ना?" मग, "पालखी नको ना. प्लीज." तिची छोटी बाहुली पालखीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

दादांनी ते वाचलं. वाचायला जितका वेळ लागतो तितकंच बोट थांबलं. मग त्यांनी आधी तिच्या बाहुलीला मारलं आणि नंतर पालखी जाळली.

बाहेर वहिनींच्या चपला वाजल्या. दादांनी पडदा बंद केला, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. घाईत ते एकच गोष्ट विसरले. मी डावीकडेच राहिलो.

संध्याकाळी सानवी आली, दप्तर टाकून खुर्चीत बसली आणि तिचा हात सवयीने उजवीकडे गेला. मी तिथे नव्हतो. तिने मला बघितलं, उचललं, उजवीकडे ठेवलं आणि पडदा सुरू केला. समोर जळालेली वाडी होती आणि श्रद्धाची अक्षरं तशीच होती.

तिने वहिनींच्या मोबाइलवरून श्रद्धाला फोन लावला. "मी नव्हते गं, खरंच नव्हते," ती सारखी म्हणत होती. पलीकडून श्रद्धा रडत ओरडली, "तुझंच नाव होतं! मी शूट केलंय सगळं. मला मारलंस पण तू." आणि फोन बंद झाला. नंतर तो लागलाच नाही.

दादा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. सानवी दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, दुपारी तुम्ही बसला होता काय?"

"मी? नाय गो," दादा म्हणाले. "मी आलो तो झोपलो."

श्रद्धाची चित्रफीत त्याच संध्याकाळी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळात सगळ्यांनी बघितली. बैठक देवळात व्हायची ती आमच्या ओटीवर घ्यावी लागली, कारण महिपतकाकांनी गावी यायलाच नकार दिला आणि ते पडद्यावरून बोलणार होते. संगणक टेबलासकट ओटीवर आणला गेला. वाडीतली माणसं सतरंजीवर बसली. काशीरामआजोबांनी देवीपुढचा नारळ आणून टेबलावर ठेवला, अगदी माझ्या शेजारी. आमच्याकडे त्या नारळावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत.

"सर्वेश," आजोबा म्हणाले, "तुझ्या घरातनं झालं. खेळातलं का असेना, देवीची पालखी जाळलीय. नारळावर हात ठेव आणि खरं काय ता सांग."

दादांनी उजवा हात नारळावर ठेवला. देवाच्या कामाला ते उजवाच हात वापरतात. डावा हात टेबलावर होता, माझ्यापासून बोटभर अंतरावर.

"पोर हाय," दादा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "चुकली. बाप म्हणून मी माफी मागतो. पदरात घ्या."

सानवी आतल्या दाराशी उभी होती. ती एक पाऊल पुढे आली. "बाबा, मी..."

"सानू, हात जोड," दादा म्हणाले. "महिपतकाकांना हात जोड."

तिने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग पडद्यासमोर येऊन हात जोडले. कुणीतरी मागून म्हणालं, असा बाप मिळायला नशीब लागतं. काशीरामआजोबांनीसुद्धा मान हलवली.

पडद्यावरून महिपतकाका बोलले. "पोरीवर माझा राग नाय. पण घरात जे चालतं तेच पोरं करतात, सर्वेश. आमच्या घराला आग लावायचं तिच्या डोक्यात कुठनं आलं? तुमच्या दारात आम्ही कुठल्या भरवशावर पालखी आणायची? राहू दे आजोबा. यंदापण राहू दे."

बैठक उठली. आजोबा नारळ छातीशी धरून उतरले आणि गडग्याला धरून धरून चालत गेले. देवीची रूपं त्या शिमग्यालाही पेटीतच राहिली. काकांनी माणसं लावून गडगा आणखी उंच करून घेतला. चिरे बसवल्याचे आवाज मी दिवसभर ऐकले.

"का केलंस गो असं?" वहिनींनी रात्री जेवताना सानवीला विचारलं. दादांनी तिच्या ताटात मासळीचा तुकडा वाढला.

त्यानंतर सानवीने मला खेळायला कधी हात लावला नाही. पण रोज सकाळी शाळेत जाताना ती टेबलापाशी यायची, मला उचलायची आणि कीबोर्डच्या डावीकडे ठेवून जायची. एकदा वहिनी म्हणाल्या, "त्याला हकडं कशाला ठेवतेस?" ती म्हणाली, "हकडंच बरा हाय तो."

पहिल्या दुपारी दादांनी मला डावीकडे बघितलं आणि ते दारातच थांबले. मग त्यांनी मला दोन बोटांनी उचलून उजवीकडे ठेवलं आणि न बसता निघून गेले. दुसऱ्या दुपारीही तसंच. माझ्यावर धूळ बसू लागली. खरं सांगतो मित्रांनो, त्या धुळीचा मला आनंद होत होता. आपण असंच विसरलं जावं, अडगळीत पडावं, अशी देवाजवळ प्रार्थना करणारा मी एकटाच माऊस असेन. दादांना कळलं आहे, पोरीला माहीत आहे हे त्यांना कळलं आहे, आता एक दिवस ते तिला जवळ घेतील, आजोबांकडे जातील, नारळ मागतील. मी वाट बघत होतो.

मग एक दुपार अशी आली की दादा येऊन खुर्चीत बसले. मी डावीकडेच होतो. त्यांना मला हलवावंही लागलं नाही.

ते शहर उघडलं. रस्ते, गाड्या. पहिल्याच चौकात सिग्नल लाल होता आणि दादा थांबले. मागून भोंगे वाजू लागले तरी ते थांबून राहिले. समोरून एक म्हातारा काठी टेकत रस्त्यावर उतरला. दादांचं बोट माझ्या पाठीवर नुसतं टेकलेलं होतं, आणि मला ते पहिल्या दिवसाइतकं हलकं वाटलं. म्हातारा रस्त्याच्या मध्यावर आला. सिग्नल अजून लालच होता. मग बोट खाली दाबलं गेलं.

मित्रांनो, आता माझं डावं बटण सैल झालं आहे, कधी लागतं, कधी लागत नाही. आमच्यासारखे जुने माऊस मुलांना सांगतात की आम्हाला पुसा, आपटू नका, शेपटी ओढू नका. मला तसलं काही नको. मला आपटलंत तरी चालेल. तुमच्या घरात एखादी वस्तू रोजच्या जागेवरून हललेली दिसली आणि कुणी हलवली हे तुम्हाला कळलं, तर सानवीसारखे गप्प राहू नका. मोठ्याने सांगा, आजोबांना सांगा, आईला सांगा, सगळ्यांसमोर सांगा. आणि तुम्ही मोठे असाल, तुमचा हात माझ्यासारख्या कुणावर असेल, आणि दारात तुमची मुलगी येऊन उभी राहिली असेल, तर एकदा मागे वळून बघा.

सानवी आता दारात उभी आहे. आज शाळा लवकर सुटली. दादांच्या कानाला हेडफोन आहेत.